अक्षराले हसू नको

प्रिय रोशनी,

जयभीम. नाई, माहा मोबाइल बिघडला नाई. रिचार्ज हाये, टॉवर हाये, चार्जिंगबी फुल्ल हाये. कोणी विचारलं नाई तरी सांगून ठेवतो, कारण पाकीट पाहून तुह्या घरचे पहिले हेच म्हणतीन, की म्हातारीले आजच्या दिवसात पत्र लिहाचं काय सुचलं. तुह्या नवऱ्याले, अजयले, फोन केला की तो स्पीकरवर टाकते. मंग तुही सासू गॅसजवळून उत्तरं देते, शेजारीण दारातून देते, अन् तू तेवढी गप्प. अशा फोनवर बाईच्या पोटातलं काय बोलाचं? म्हणून लिहून राह्यली. अक्षराले हसू नको अन् वाचता वाचता मधात सोडू नको. आपली मावशी काही रिकामी बसली नाई.

पुढच्या बुधवारी तुहं ऑपरेशन हाये. पिशवीत गाठ हाये, पाळी आली की अंगातलं रक्त उतरून जाते, जिना चढली की धाप लागते, हे सारं मले मालूम हाये. त्याच्यावर माहं काही म्हणणं नाई. पण तू मागं सांगतलं की डॉक्टर म्हणे, पिशवी काढूनच राह्यलो तं बाजूची दोन्ही अंडाशयंबी काढून टाकू, पुढची कटकट नको. अन् तू मुंडी हालवून आली. भाजीवाला वरून हिरव्या सांभाराच्या दोन काड्या फुकट टाकते, तशी तू तेबी पिशवीत टाकून आणली. अवो, सदतीस वर्साची बाई तू. विचारलं काय, की ते दोघं बिघडले हायेत काय म्हणून? नसन विचारलं. मलेबी विचारता आलं नव्हतं. मले तं ते हायेत हेच मालूम नव्हतं.

मी अडतीसची होती तवाची गोष्ट. तू तवा माह्याजवळच शाळेत होती, तुही माय अन् बाबा कामासाठी बल्लारपूरले. तुले एवढंच आठवत असन की मावशी दवाखान्यातून बैलबंडीत गादीवर पडून आली अन् तुले उचलून घ्याले मना केलं. धानाच्या रोवणीच्या आधी उन्हाळ्यात पिशवी काढून घेणारी गावात मी एकटी नव्हती. आषाढात धानाच्या बांधीत वाकून उभं राहाचं, वरून पाणी, खालून गाळ, अन् त्यात पाळी. ज्या बाईनं ते भोगलं तिलेच कळते. ऑपरेशन झालं तं रोवणीच्या साऱ्या बाया म्हणे, सुटली अंजना. मलेबी वाटलं सुटली. मी त्या साली सगळ्यात पुढच्या रांगेत रोवलं अन् गाणंबी मीच उचललं.

पण मंग भलतंच सुरू झालं. पुसाच्या थंडीत पदर घामानं भिजे. झोप उडून जाये. तुह्या मावसाजीनं नुसतं पाणी मागतलं तरी मी खेकसू. बिचारे बापूराव, ते आंगणातल्या माठातून घेऊन पिऊ लागले. लघवीले जळजळ होये, गोळ्या घेतल्या की जाये अन् पुन्हा येये. कोणी म्हणे उष्णता झाली, कोणी म्हणे नजर लागली. माही जाऊ म्हणे, अंजनाबाई, तुमाले रिकामपण सहन होत नाई. मी म्हणली, रिकामी तं पिशवी झाली, मी कुठी झाली?

मंग बोटं. इथी माही खरी चूक झाली, अन् ते चूक धान रोवणाऱ्या बाईच्याच हातून होते. रोवणीच्या दिवसात साऱ्याच बायांची बोटं धरतात. पऱ्ह्याच्या रोपाची पेंडी डाव्या हातात, उजव्या हाताचा अंगठा अन् दोन बोटं चिखलात, दिवसभर. सकाळी मूठ वळत नाई. मोहाच्या बियाचं तेल लावाचं, कोमट पाण्यात हात बुडवाचे, अन् कामाले लागाचं. तं माही बोटं सुजली तवा मी तेच केलं. रोवणीचं दुखणं हाये म्हणली. एक साल, दोन साल, किती सालं मी तेच म्हणत राह्यली. दिवाळीत दुखलं तं म्हणली, रोवणीचं उरलं असन. शिमग्यात दुखलं तं म्हणली, रोवणीचं मुरलं असन. मंग एका साली पाय मुरगळला म्हणून मी रोवणीले गेलीच नाई. बांधीत पाय टाकला नाई. अन् गंमत पाह्य, ज्या बाया महिनाभर चिखलात होत्या त्यांची बोटं दिवाळीले लाह्या फोडाले मोकळी, अन् मी घरात बसलेली, मले लुगड्याची गाठ सुटेना. तवा माह्या डोक्यात उजेड पडला. हे चिखलाचं नाई.

बापूरावानं चंद्रपूरले नेलं. तिथी सांध्याची डॉक्टरीण भेटली, पोट्टीच हाये, तुह्याहून लहान असन. तिनं दोन्ही हात उलटे सुलटे करून पाह्यले. दोन्हीकडं सारखंच सुजलं होतं, तेबी तिनं दाखवलं. रक्त तपासलं. म्हणे, मावशी, हा संधिवात हाये, पण म्हातारपणी हाडं झिजतात तो नाई. अंगाचे राखणदार घरच्याच माणसाले मारून राह्यले, तसला हाये. मंग विचारते, पिशवी काढली काय, कोणत्या वयात, अन् सोबत अंडाशयंबी काढले काय? मी म्हणली, बाई, अंडे आमच्या घरी कोंबड्याच देतात. ते हासली, पण सोनोग्राफी करून घेतली. दोन्ही जागा रिकाम्या.

मले तिनं जे समजावलं ते मी माह्या शब्दात सांगतो, कारण तिचे शब्द मले पाठ झाले नाई. तुले आपल्या वावरातले ते दोन कुत्रे आठवतात काय? एक लाल, एक काळा. रानडुकरं आले की बापूराव मचाणावरून नुसते खाकरत, अन् दोघंही बरोबर धावत. कोणावर भुकाचं अन् कोणावर नाई, ते बापूरावाच्या खाकरण्यावरून त्यायले कळे. मंग बापूराव कावीळ होऊन दवाखान्यात पडले. मचाणावर कोणी नाई. लाल्या दिवसरात झोपे, डुकरानं अर्धी बांधी लोळवली. अन् काळ्या पिसाटला. मी भाकर घेऊन गेली तं माहाच हात धरला. कुत्रे तेच होते, वावर तेच होतं, मचाणावरचा माणूस तेवढा नव्हता.

तं अंडाशयातून जे हार्मोन निघते, ते त्या मचाणावरच्या माणसासारखं हाये म्हणे. ते नुसतं पाळीसाठी नसते. अंगात रोगाशी लढणारे जे असतात, त्यायच्यावरबी त्याचा हात असते. वय होते तवा ते हळूहळू कमी होते, अंगाले सवय लागते. पण कापून काढलं की एका दिवसात बंद. मंग कोणाचे राखणदार सुस्तावतात, कोणाचे घरच्यावरच उलटतात, अन् लय जणींचं काहीच होत नाई. मी म्हणली, मंग पक्कं सांगा, माहे हात त्याच्यानंच गेले काय? ते म्हणे, मावशी, पक्कं मलेच काय, कोणालेच सांगता येणार नाई. असं होऊ शकते, एवढं दिसून आलं हाये. त्याच्यावर अजून शोध चालू हाये. मले ते पोट्टी तिथीच आवडली. जिले मालूम नाई ते मालूम नाई म्हणते, ते बाई जे मालूम हाये म्हणते ते खरं असते.

आता तुह्या कामाचं. पिशवी काढू नको असं मी म्हणत नाई. तसं तुह्या घरी कोणाले सांगशीन तं मीच येऊन तुहे कान धरीन. रक्त जाऊन जाऊन बाई पांढरी पडली तं तेबी मरणच हाये. पण डॉक्टरले समोर बसून विचार, की नुसत्या गोळ्यानं किंवा नुसती गाठ काढून भागते काय. नसन भागत तं पिशवी काढा, पण माही अंडाशयं चांगली असतीन तं त्यायले हात लावू नका. खराब असतीन, कॅन्सरची भीती असन, तं गोष्ट वेगळी. मंग काढा, पण पुढं हार्मोनचं काय कराचं तेबी आताच सांगा. तो डॉक्टर वाईट हाये असं नाई. त्यालेबी वाटत असन की बाईचा त्रास वाचवून राह्यलो. विचारलं तं सांगन. नाई सांगतलं तं कागद घेऊन चंद्रपूरले दुसऱ्या डॉक्टरणीले दाखव, ऑपरेशन आठ दिवस पुढं गेलं तं आभाळ नाई कोसळत. तुही सासू म्हणन, आता काय अजून लेकरं काढाची हायेत काय, ठेवून कराचं काय? तिले म्हण, लेकराइचा प्रश्न नाई, आत्याबाई, हाताचा हाये. तू शिलाई करते. ब्लाउजच्या हुका लावाले बोटं लागतात.

इकडची खबर म्हणशीन तं माह्या सुनेले, पुनमले, मी यंदा तेंदूपत्ता तोडाले जाऊ देल्लं नाई. वाघीण पिल्लं घेऊन तलावाकडं फिरून राह्यली. ते रुसली, म्हणे साऱ्या बाया जातात. मी म्हणली, वाघिणीले विचारून ये, तिले चालते काय ते. बापूराव बरे हायेत, कानानं कमी ऐकतात, त्यायच्या सोयीनं. मी गोळ्या घेतो, सूज आता वाढत नाई, डॉक्टरीण म्हणे लवकर आली असती तं बोटं वाकली नसती. ठीक हाये. जे वाकलं ते वाकलं, मी त्याच्यासाठी रडत नाई. तुहं ऑपरेशन होईन तवा मी येईन, जवळ बसीन, सासूले गप्प ठेवीन. फक्त भाकरी थापाले मले सांगू नको.

आता पत्र काऊन लिहिलं ते. वर स्पीकरचं लिहिलं ते खरंच हाये, पण अर्धंच. पुनम म्हणे, आत्या, तुम्ही सांगा, मी मोबाइलमधी टाइप करून पाठवतो, दोन मिनिटाचं काम हाये. मी नको म्हणली. मी शाळेत सातवीपर्यंतच गेली, पण फळ्यावरचा सुविचार गुरुजी मलेच लिहाले लावत. तुले पाटीवर क गिरवाले शिकवलं, तुहा हात ज्या हातात होता, तो हाच हात. तुह्या लग्नात पत्रिकेवर नावं लिहाले मलेच सांगतलं होतं, तवा मी म्हणली चष्मा सापडत नाई, अन् तू दिवसभर तोंड फुगवून बसली. चष्मा माह्या नाकावरच होता, रोशनी. तुह्या ध्यानात आलं नाई. आता या पत्राची पहिली ओळ पाह्य अन् ही ओळ पाह्य. पेन बोटात ठरत नाई, मुठीत धरून लिहिलं, मुसळ धरतात तसं. तीनदा हातातून पडलं. हे फोनवर तुले दिसलं नसतं, टाइपमधी तं सारे अक्षरं सरळच येतात. तू ऑपरेशनच्या कागदावर सही करशीन त्याच्या आधी हे तुह्या डोळ्यानं पाहाले पाह्यजे होतं. पाह्यलं ना? बस झालं. आता याच्यावर मी एक शब्द बोलणार नाई. फोन केला तरी उचलणार नाई.

तुहीच,
अंजनामावशी