कावळा शिवला तेव्हा

कारेगाव, ता. शिरूर
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

आदरणीय राजनंदिनीताई यांना
शंभू कोळपे याचा नमस्कार.

मी बरा आहे. इंदूरला थंडी पडली असेल. इकडे पहाटे धुकं असतं आणि उसाच्या गाड्या सुरू झाल्यामुळे रस्त्याने जपून चालावं लागतं. फोनवर तुम्ही विचारलंत, दहाव्याला कोण काय बोललं आणि बाबा शेवटी काही म्हणाले का. मी म्हणालो, पत्रानं कळवतो. मला फोनवर नीट बोलता येत नाही हे खरं, पण कारण तेवढंच नव्हतं.

आधी दहाव्याचं सांगतो. शिरूरला नदीच्या घाटावर केला. सर, म्हणजे तुमचे बाबा, यातलं काही मानत नव्हते, पण ताईबाई आत्या हटून बसल्या तेव्हा दवाखान्यातच म्हणाले होते, "मेलेल्याला मत नसतं. बहिणीला करायचं असेल तर तिला अडवणारा मी कोण?"

सगळं निमोणे आलं होतं. कांद्याच्या निर्यातबंदीविरुद्ध सर बोलले तेव्हा त्यांना खांद्यावर घेणारे आले होते. गावची सरकारी शाळा बंद करून तिचे पैसे आईबापांच्या हातात द्या, असं त्यांनी लिहिलं तेव्हा एसटी स्टँडवर त्यांच्या फोटोला चपलांचा हार घालणारेही आले होते. सगळे एकाच सतरंजीवर. माझ्या मागे एक जण सांगत होता, "हेल्मेटच्या सक्तीवर येवढा मोठा लेख लिहिला, आन् स्वतः हेल्मेट घालून हिंडायचे. मी म्हनलं, सर, हे कसं? तर म्हनले, कायद्याला भिऊन न्हाई रं, डोक्याला भिऊन घालतो." लोक हसले. तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता असं वाटलं.

तुम्ही मला एकदाच पाहिलंय, म्हणून माझ्याबद्दल लिहितो. अकरावीत शाळा सुटली. इथे कंपनीत कंत्राटावर आहे. सुट्टीच्या दिवशी निमोण्याला जाऊन सरांचे लेख कॉम्प्युटरवर टाइप करायचो. ऱ्हस्व-दीर्घ मला जमतं, म्हणून त्यांनी ठेवलं. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "सर, सेवा म्हणून करतो." ते चिडले. म्हणाले, "सेवा नको. तुला काय पाहिजे ते तू सांग, मला काय पाहिजे ते मी सांगतो. सौदा करण्यात लाज नाही. सौद्याला दुसरं नाव देण्यात आहे." मग पानामागे मजुरी ठरली.

घोडभीमा कारखान्याचे चेअरमन बाळासो पहिल्याच रांगेत होते. याच कारखान्याच्या कर्जाला सरकारनं हमी देऊ नये म्हणून सर कोर्टात गेले होते, ते तुम्हाला माहीत असेल. सरांचा जीवनपरिचय मी करून द्यावा असं आत्यांनी ठरवलं होतं. मी करून दिला. श्रद्धांजली चांगली झाली असं सगळे म्हणाले. चेअरमननी पाठीवर हात ठेवला.

मग पिंड ठेवला. कावळा शिवेना. झाडावर चांगले चार-पाच बसलेले, पण खाली कोणी येईना. तुमच्या चुलत्यांनी हात जोडून सांगितलं, आत्यांना आम्ही सांभाळू. नाही आला. घराला कुलूप लावणार नाही म्हणाले. तरी नाही. आत्या माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "शंभू, तू त्याच्याजवळ असायचा. काय राह्यलंय रं माज्या भावाचं? सांग की."

मी म्हणालो, "मला न्हाई माहीत, आत्या."

तेवढ्यात चेअरमन उठले. चपला काढून पुढे झाले आणि मोठ्यानं म्हणाले, "सर, काळजी करू नका. शासनाकडनं निधी आणून तुमचं स्मारक उभं करतो. हा बाळासोचा शब्द हाय." आणि ताई, कावळा आला. भजं उचललं आणि गेला. बायका रडायला लागल्या. लोक म्हणाले, सरांना पटलं.

ज्या माणसानं पगार सरकारी तिजोरीतून येतो म्हणून कॉलेजची नोकरी सोडली, त्याला सरकारी निधीचं स्मारक पटलं. सर असते तर पोट धरून हसले असते. मला हसू आलं नाही.

आता खरं लिहितो. मला माहीत होतं.

दवाखान्यात सरांनी मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. म्हणाले, "दहावा करणारच असतील तर सगळ्यांसमोर एवढं बोल. लिहून घेऊ नकोस, शुद्धलेखन सुधारत बसशील." माझ्याकडून म्हणवून घेतलं. पहिली गोष्ट कारखान्याची. "कर्ज बुडलं तर ते न घेणाऱ्यानं फेडायचं, हा न्याय नाही, हे आजही माझं मत आहे." दुसरी गोष्ट तुमची.

दहाव्याच्या दिवशी सकाळी माझे रोहिदास दाजी घाटावर भेटले. ते त्याच कारखान्यात बॉयलरवर आहेत. टाइम ऑफिसातल्या क्लार्कच्या जागेसाठी त्यांनी माझं नाव चेअरमनच्या कानावर घातलं होतं. म्हणाले, "शंभू, साहेब म्होरंच बसनारेत. जीभ सांभाळ. पर्मनंटचं काम हाय." मी माइक हातात घेतला आणि म्हणालो, सर सहकाराचे हितचिंतक होते. मतभेद होते, मनभेद नव्हते. टाळ्या झाल्या. पहिली गोष्ट अशी उलटी केल्यावर दुसरी सांगायला तोंड उघडेना. ती सांगायला चेअरमनची काही हरकत नव्हती. ती मी नुसती भीतीनं गिळली. आत्यांनी विचारलं तेव्हाही.

तुमच्या फार्मसीच्या फी-सवलतीच्या अर्जावर सरांनी सही केली नव्हती. लोकांच्या करातून माझी मुलगी शिकणार नाही म्हणाले होते आणि स्वतःजवळ फी भरायला पैसे नव्हते. तुमची जागा गेली. त्यावर त्यांनी मला सांगायला लावलं ते असं:

"तत्त्व माझं होतं. किंमत मी राजनंदिनीकडून घेतली. तिला विचारलं नाही. सरकारनं असं केलं की मी त्याला जुलूम म्हणत आलो. घरात मी केलं तेव्हाही तो जुलूमच होता. हे गावासमोर सांगायचं, कारण सही नाकारल्याची बढाई मी गावासमोरच मारली होती."

यातला एकही शब्द सुधारलेला नाही.

उद्या दौंडकडे जाऊन कारखान्यात हजर व्हायचं आहे. मी जाणार आहे. आई खूश आहे. माझं जाणं सरांना खटकलं नसतं. घाटावर मी जे केलं त्याला श्रद्धांजली म्हटलं, ते खटकलं असतं.

आत्यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणालात तर त्यांना सांगेन. गावासमोर, चेअरमनसमोर सांगेन असंही लिहिणार होतो, पण उद्यानंतर माझ्याकडून ते होईल याची मला खात्री नाही, म्हणून लिहीत नाही.

माफी मागत नाही. बदल्यात काही न देता मागितलं की सर त्याला अनुदान म्हणायचे. माझ्याकडे देण्यासारखं त्यांचं तेवढं बोलणं होतं. ते तुमचं होतं आणि तुम्हाला उशिरा मिळतंय.

सरांच्या ओळखीच्या लोकांना पत्र लिहिताना खाली 'सरांचा शिष्य' लिहायची मला सवय आहे. आज लिहीत नाही.

सरांकडे मजुरीवर असलेला,
शंभू