पाटापायी पालथं घातलेलं पेण

पेण,
श्रावण शुद्ध अष्टमी

तीर्थरूप अनसूयाताईस,

धाकट्या शरदचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समज. काल चालून गुडघ्यांची अशी दशा झालीय, की खाली वाकलो तर उठवायला दोन माणसं लागतील.) तुझी शुगर कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का? हे फोनवरही विचारलं असतं, पण गेल्या गौरी-गणपती विसर्जनापासून तू माझा फोन उचलत नाहीस. पत्र फार तर फाडशील, पण फोनसारखं मध्येच कापता तरी येणार नाही.

पत्रास कारण, आपल्या गणपतीचा पाट मिळत नाही. आजोबांपासून आपली मूर्ती त्याच शिसवी पाटावर बसते. नागपंचमीच्या आत पाट कारखान्यात पोचवायचा, त्यावर नावाची चिठ्ठी चिकटवायची आणि चतुर्थीला पाटासकट मूर्ती घरी आणायची. (तुला हे सांगायला नको, पण राग आला की मी शिकवायला लागतो. छत्तीस वर्षांची खोड.) काल महिपतीच्या कारखान्यात गेलो, तर सगळ्या गावाचे पाट भिंतीला टेकून उभे आणि आपलाच नाही! महिपती रंगाचा हात पुसत म्हणाला, "मास्तर, तुमचा पाट आलाच नाय. प्लायवूडवर बसवतो ना, आता सगलेच तसं घेतात." त्या 'सगले'वर माझं डोकं फिरलं. पाट मी स्वतः आणून दिलाय, तुम्हीच तो दुसऱ्या कारखान्यात घातला असेल, असं त्याला ठणकावून सांगितलं आणि पेणमधले सगळे कारखाने धुंडाळायला निघालो.

रिक्षा केली होती. त्याने "कुठला कारखाना?" विचारलं, मी "सगळे" म्हणालो, तो हसला, मी उतरलो. मग चाललो. ताई, ज्या गावात जन्मलो ते चार तास पायी बघू नये. फुटपाथ नगरपालिकेने केले आहेत, नाही असं नाही, पण ऊन पडलं म्हणून त्यांवर गणपती वाळत ठेवलेले. माणूस असता तर "बाजूला हो" म्हणून खेकसलो असतो. देवाला काय म्हणणार? प्रत्येकाला हात जोडायचे आणि गटारावरच्या फरशीवरून पुढे जायचं. चौथी फरशी हलली आणि उजवा पाय घोट्यापर्यंत आत गेला. समोरच्या दुकानातून "सांभाळून, मास्तर!" असा आवाज आला, पाय आत गेल्यानंतर.

रस्ता विचारावा, तर सांगतात तो नसलेल्या वस्तूंवरून. "वडाजवळून वळा." वड रुंदीकरणात गेला. "पिठाच्या गिरणीच्या मागे." गिरणीच्या जागी सात मजले उभे आहेत. आपल्या शाळेच्या फाटकावर एका गॉगलवाल्या युवा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. वाढदिवस ज्येष्ठात झाला, श्रावण आला, मुलं अजून त्याच्या काखेखालून वाकून शाळेत जातात. मी तिथेच उभं राहून मोठ्याने बोललो. कुणी ऐकलं नाही, एक बाई मात्र मला रस्ता ओलांडून देऊ लागली. माझं वय झालंय असं तिला वाटलं असावं. मी ओलांडला नाही.

कारखानदार निम्मे माझे विद्यार्थी, म्हणून राग काढायचीही सोय नाही. सहाव्या कारखान्यात धनेश भेटला (भूगोलात दोनदा नापास). खुर्ची दिली, चहा दिला, पाय धुवायला पाणी दिलं. मग कोपऱ्यातला कुणाचातरी पाट उचलून म्हणाला, "मास्तर, ह्योच न्या. शिसवीच हाय. ओलखतंय कोन?" मी ओळखतो! आपल्या पाटाच्या खालच्या अंगाला कर्कटकाने 'अनसूया' कोरलंय. त्यापायी बाबांनी तुला फोकाने मारलं होतं, देवाच्या पाटावर नाव कोरते म्हणून. धनेशचा पाट उलटा केला, खाली काहीच नव्हतं. चहा अर्धा टाकून उठलो.

असं करत गडबच्या बाजूने हायवेपर्यंत गेलो. तिथे डाव्या चपलेचा अंगठा तुटला. एक पाय चपलेत, एक खडीवर, असा महिपतीकडे परत आलो. येताना गावातल्या प्रत्येक खड्ड्याला, फ्लेक्सला आणि स्वतःलाही शिव्या घातल्या. शेवटच्या जरा जास्तच.

तुला पाटाबद्दल काही ठाऊक असेल असं नाही, सहज कळवलं. भावोजींना नमस्कार.

तुझा,
शरद

ता. क. पाट तुझ्याकडे आहे, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. गेल्या वर्षी नदीवरून परत आल्यावर मी ओसरीत सगळ्यांदेखत म्हणालो, की लग्न होऊन गेलेल्या मुलींनी या घरच्या गणपतीत लुडबुड करू नये. तू ओला पाट उलटा करून नाव दाखवलंस आणि तो काखेत मारून रोह्याची एस.टी. धरलीस. काल मी खरं तर तुझ्याकडेच निघालो होतो. स्टँडवर रोह्याच्या तीन गाड्या सोडल्या. पहिलं वाक्य काय बोलावं ते सुचेना, म्हणून महिपतीकडे गेलो आणि तिथे खोटं बोलून बसलो. पुढचं सगळं चालणं त्या खोट्यापायी.

ता. क. दुसरा. ते नाव मी कोरलं होतं. आठ वर्षांचा होतो, तू मला तुझ्या कंपासपेटीला हात लावू दिला नव्हतास. तू रडून सांगत होतीस की मी नाही केलं, आणि मी दाराआड उभा होतो. ताई, मला याची लाज वाटते. साठ वर्षं वाटतेय.

ता. क. तिसरा. महिपतीला सांगून आलोय की पाट ताई आणतेय. ("मग चार तास काय शोदत होतात?" असं त्याने विचारलं. उद्धट माणूस.) तो शनिवारपर्यंत थांबेल. पाट कुणाच्या हाती पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये आणि चतुर्थीपर्यंत राहा. नाव घासून काढू नकोस. आपला गणपती दरवर्षी त्या नावावरच बसतो, आणि मी तुला म्हणालो, तुझा काय संबंध.