एका प्रवेशात दोन पदव्या

३ जानेवारी
विद्यापीठाचं परिपत्रक आलं. ज्या विभागात दहापेक्षा कमी विद्यार्थी, तो विभाग मेअखेर बंद. आमच्या बालशिक्षण विभागात चार आहेत. त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर, म्हणजे तिचं प्रात्यक्षिक घरी चालू आहे असं धरायला हरकत नाही. एकाने फक्त लायब्ररीच्या कार्डासाठी प्रवेश घेतलाय. पण हजेरीपटावर चार म्हणजे चार.
घाबरण्याचं कारण नाही. विभागप्रमुख मी आहे. दुपारच्या चहालाच उपाय सुचला. पदवी आणि पदव्युत्तर मिळून सलग पाच वर्षांचा अभ्यासक्रम. एका प्रवेशात दोन पदव्या. विद्यार्थी एकदा आत आला की पाच वर्षं बाहेर पडत नाही. दहा व्हायला कितीसा वेळ लागतो?
प्रस्ताव रविवारपर्यंत पूर्ण करणार. रोज पहाटे पाचला उठून वीस पानं.

४ जानेवारी, सकाळी ८.२०
जाग आली. पाचचा गजर कोणी बंद केला याची चौकशी केली. सौ. म्हणते, "तुम्हीच केलात, आणि वर मला थँक यू म्हणालात." शक्य नाही. उद्यापासून.

७ जानेवारी, रविवार
प्रस्तावाचं शीर्षक पूर्ण. पाया भक्कम असला की इमारतीला वेळ लागत नाही.

१० जानेवारी
तळमजल्यावर जाऊन ताईंना बातमी दिली. ताई म्हणजे आमच्या विभागाचा बालवर्ग चालवणाऱ्या बाई. बावीस मुलं, वयं साडेतीन ते पाच. मुलं त्यांना ताई म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. एकोणीस वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर आहेत. गेली बारा वर्षं त्या ऑर्डरवर सही माझी असते, त्यामुळे आमचे संबंध उत्तम.
म्हणालो, कोर्स मंजूर झाला की एक कायम जागा मिळणार, ती तुमची. शब्द दिला. त्या बोटांना लागलेला डिंक पुसत होत्या. म्हणाल्या, "सर, असं याआधी चार वेळा झालंय." मी म्हणालो, तेव्हा माझ्याकडे पाच वर्षांची योजना नव्हती.

२२ जानेवारी
पानं झाली सहा. त्यात अनुक्रमणिकेची चार. ताईंना वाचून दाखवली. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, यात मुलं कुठे आहेत?"
पान ४१ वर, मी म्हणालो. पान ४१ अजून लिहायचं आहे.
त्या म्हणाल्या, मी थोडी टिपणं काढून देऊ का? माणसाला उत्तेजन द्यावं म्हणून हो म्हटलं.

१६ फेब्रुवारी
प्रस्ताव पूर्ण! एकशे बारा पानं! माझ्या चिकाटीचं मलाच नवल वाटतं.
ताईंच्या टिपणांचाही थोडा उपयोग झाला. रेघी वह्या, तीन. पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांनी नुसतं मुलांशेजारी बसून बघायचं, दुसऱ्या वर्षी हात लावायचा, तिसऱ्या वर्षी गोष्ट सांगायची, असं सगळं क्रमवार. सकाळी सोडून जाताना मूल रडतं तेव्हा कुठे उभं राहावं, इथपर्यंत. पण भाषा फारच सोपी. ती अवघड करायला मला दहा दिवस लागले.
ऋणनिर्देशात ताईंचा उल्लेख करायचा होता. पान भरलं.

२३ फेब्रुवारी
छाननी समितीची बैठक. अध्यक्ष रसायनशास्त्राचे प्रमुख. प्रस्ताव हातात घेऊन वजन केल्यासारखा वरखाली केला आणि म्हणाले, "चार वर्षांच्या पोराला शिकवायला पाच वर्षं? शिक्षक तयार होईतो पोरगं नऊ वर्षांचं व्हायचं!" समिती हसली. मीही हसलो, सौजन्य म्हणून. या प्रश्नाला माझ्याकडे सडेतोड उत्तर होतं. ते घरी बूट काढताना आठवलं. सौ.ला ऐकवलं. ती म्हणाली, छान आहे, पण मी समितीत नाही.
समितीची अट: प्रस्ताव मांडणाऱ्याने स्वतः पंधरा दिवस बालवर्गात काम करावं आणि तसा दाखला जोडावा. मग विषय विद्या परिषदेपुढे जाईल. परिषद १८ मार्चला, म्हणजे अगदी वेळेत.
पंधरा दिवस म्हणजे काय! सव्वीस वर्षं हाच विषय शिकवतोय. फक्त प्रत्यक्ष मुलं समोर नव्हती.

२६ फेब्रुवारी. बालवर्ग, दिवस पहिला
मुलांना गोष्ट सांगितली. आधी गोष्टीची उद्दिष्टं सांगितली. उद्दिष्टं संपली तेव्हा समोर सात मुलं होती. ससा आला तेव्हा दोन. त्यातला एक झोपला होता.
खुर्च्या गुडघ्याएवढ्या आहेत. बसता येतं. उठताना खुर्ची सोबत येते.

२८ फेब्रुवारी
एक मुलगी आहे. सगळे तिला इन्स्पेक्टर म्हणतात, कारण ती चौकशा करते. मला विचारलं, तू कोण? म्हणालो, डॉक्टर. तिने लगेच गुडघा पुढे केला. खरचटला होता. समजावलं की मी त्यातला डॉक्टर नाही, पुस्तकातला आहे. "मग तुला काय येतं?" मी विचार करत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "राहू दे," आणि ताईंकडे गेली.
उद्या उत्तर तयार ठेवणार.

५ मार्च
इन्स्पेक्टरचे वडील बसचालक. सकाळच्या फेरीआधी तिला सोडतात. ते दाराबाहेर पडले की ती रोज भोकाड पसरते. आज ताई दुसऱ्या मुलात अडकल्या होत्या म्हणून मी पुढे झालो. "रडू नको, बाबा येतील" असं समजुतीच्या सुरात सांगितलं. ती दुप्पट रडायला लागली. ते पाहून आणखी तिघं. मग अकरा.
ताई आल्या. तिच्याजवळ खाली बसल्या आणि म्हणाल्या, "बाबा गेले. राग आला ना खूप?" ती हो म्हणाली. थोडं रडली. मग नाक ताईंच्या ओढणीला पुसून ठोकळ्यांकडे गेली.
पद्धत अशास्त्रीय वाटते. पण उपयोगी आहे. माझं निरीक्षण म्हणून पान १२ वर घातली.

१२ मार्च
प्रगती. आज बटणं लावून दिली, नऊ मुलांची. एकाची वरखाली झाली, पण त्याने तक्रार केली नाही. इन्स्पेक्टर जवळ येऊन बसली. काही विचारलं नाही. नुसती बसली. मीही नुसता बसलो. पाऊण तास कसा गेला कळलं नाही.
घरी सौ.ला सांगितलं. सौ. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते, दिवसभर रडकी मुलं बघते. म्हणाली, "सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मुलाबद्दल काहीतरी सांगितलंत." मी म्हणालो, माझे तेवीस शोधनिबंध आहेत. ती म्हणाली, "तेच म्हणतेय."

१७ मार्च
उद्या परिषद. विषय क्रमांक चौदा. भाषण आरशासमोर चार वेळा म्हटलं. सहा मिनिटं. शेवटी थोडा आवाज चढवायचा. रसायनवाल्यांना द्यायचं उत्तर पाठ. कोट इस्त्रीला दिला आणि आणलासुद्धा.
ताईंना फोनवर म्हटलं, उद्या दुपारी पेढ्यांची नाही तरी बिस्किटांची सोय करून ठेवा. त्या हसल्या. पहिल्यांदाच विचारलं, "सर, होईल ना हो?" मी म्हणालो, झालंच समजा.

१८ मार्च, संध्याकाळ
जे झालं ते क्रमाने लिहितो. म्हणजे दोष कुणाचा ते स्पष्ट होईल.
११.१५. कोट घालून दाखल्यावर सही घ्यायला खाली गेलो. परिषद सुरू झाली होती, पण चौदावा विषय बाराच्या पुढे येणार असं कार्यालयातून कळलं होतं. ताईंनी सही केली आणि त्याच क्षणी एका मुलाने नाकात मणी घातला. साधासुधा नाही, आत गेलेला. मदतनीस मावशी आज रजेवर. ताई म्हणाल्या, "सर, समोरच्या दवाखान्यात नेऊन आणते. मुलं आत्ता झोपतील. दहा मिनिटं बसाल?" घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं होती. बसलो.
११.३०. मुलं सतरंजीवर आडवी झाली. इन्स्पेक्टरला झोप येईना. माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि झोपली. कोटाची बाही मुठीत धरली.
११.५०. ताई नाहीत.
१२.०५. परिषदेचा शिपाई दारात. हळू आवाजात म्हणाला, बारावा विषय चालू आहे, सर. मी खुणेने सांगितलं, आलोच. तिचं डोकं उचलून उशीवर ठेवायला गेलो. ओठ थरथरला. परत मांडीवर ठेवलं.
१२.२०. शिपाई पुन्हा आला. तेरावा. मी म्हणालो, त्यांना म्हणावं, दोन मिनिटं थांबा. तो म्हणाला, "कुलगुरूंना म्हणू?"
एकवीस मुलं. एकटी सोडून जाता येत नाही. हा नियम आमच्याच प्रस्तावात आहे, पान ५८. शिवाय डाव्या पायाला एवढ्या मुंग्या आल्या होत्या की उठून पडलो असतो तर सगळी जागी झाली असती.
१२.४०. ताई धावत आल्या. मणी निघाला. डॉक्टर उशिरा आले म्हणे. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मुलीला अलगद उचलून घेतलं. मी लंगडत दोन जिने चढलो. बाही कोपरापर्यंत चुरगळलेली.
वर सतरावा विषय चालू होता. पार्किंगचा. चौदाव्याच्या वेळी विचारलं गेलं, कोण मांडणार? कोणी उठलं नाही. "पुढील बैठकीत विचार व्हावा." पुढील बैठक सप्टेंबरात. विभाग मेअखेर बंद.
खाली जाऊन सांगितलं. ताई म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं, सर. मी मणी आधीच उचलून ठेवायला हवे होते." मी म्हणालो, छे छे. यापेक्षा जास्त काही बोलायला हवं होतं. बिस्किटं मुलांना वाटली.
घरी सौ.ने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "त्या शिपायालाच का नाही बसवलंत तिथे?"
हे मला तेव्हा सुचलं नाही.

१९ मार्च
सुचलं असतं तरी तो बसला नसता. असं माझं मत आहे.

२ एप्रिल
विशेष बैठक बोलवावी असं पत्र कुलसचिवांना दिलं. सात पानं. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि मान हलवली. कोणत्या दिशेने ते नीट दिसलं नाही. आशेला जागा आहे.

२४ एप्रिल
उत्तर आलं. जागा नाही.
मला परीक्षा विभागात पाठवणार. खिडकी क्रमांक तीन, दुय्यम गुणपत्रिका. हुद्दा अजून ठरायचा आहे. सौ. म्हणाली, नोकरी आहे ना? आहे. ताईंची ऑर्डर मात्र मेअखेर संपते आणि पुढची निघणार नाही. सही करायला मी आहे, पण कागद येत नाही.

३१ मे
बालवर्ग रिकामा केला. कपाटं, ठोकळे, सतरंज्या, सगळं गोदामात. विभागाचा शिक्का कार्यालयात जमा. इन्स्पेक्टर वडिलांबरोबर आली होती. मला म्हणाली, "उद्या कुठे बसायचं?" वडील म्हणाले, "चल, गाडी उभी आहे." बरं झालं. तिने पुन्हा विचारलं असतं तर काय सांगणार होतो?

११ जून
खिडकी क्रमांक तीन. सकाळपासून रांग. पंधरावा की सोळावा माणूस झाला, पुढचा कागद घ्यायला हात बाहेर काढला आणि समोर ताई.
एका शाळेत जागा निघाली आहे. कायम नाही, पण आहे. पाच वाजेपर्यंत अनुभवाचं पत्र हवं. कार्यालयात गेल्या होत्या. तिथे म्हणाले, विभाग अस्तित्वात नाही, पत्र कोण देणार? म्हणून माझ्याकडे आल्या.
म्हणालो, बसा, आत्ता देतो. बसायला जागा नव्हती. उभ्या राहिल्या. मी मनापासून लिहायला घेतलं. बालशिक्षणाच्या क्षेत्रातील त्यांचं योगदान, त्यामागची तात्त्विक बैठक, बदलत्या काळाची गरज. दुसरं पान सुरू झालं तेव्हा रांगेतून कुणीतरी म्हणालं, "साहेब, कादंबरी लिहिताय का?"
ताई खिडकीशी वाकल्या. "सर, एवढं नको. तिथल्या बाईंना वाचायला वेळ नसतो. एकच ओळ पुरे."
नवा कागद घेतला. एक ओळ सुचेना. खरंच सुचेना. एवढा वेळ गेला की मागचे लोक कुरकुरायचे थांबले आणि बघायला लागले. शेवटी म्हणालो, तुम्हीच सांगा.
त्यांनी सांगितलं: "लिहा, एकोणीस वर्षं मुलांसोबत काम केलं. मुलं त्यांच्याजवळ राहायची."
लिहिलं. वाचलं. सोपं करण्यासारखं काही नव्हतं, अवघड करण्यासारखंही नव्हतं. खाली सही केली. सहीखाली हुद्दा लिहायची सवय. पेन टेकवलं आणि थांबलो. विभागप्रमुख लिहावं तर विभाग नाही. खिडकी क्रमांक तीन लिहावं तर कोण मानणार?
ताई हळूच म्हणाल्या, "सर, नुसतं नाव लिहा."
लिहिलं.