पेनड्राईव्हचं तोंड

प्रिय ज्ञानू,

बोलणारी मी, लिहिणारी तुझी आई जया. मधे कुठं लई शुद्ध वाटलं तर तिथं जयानं आपलं शहाणपण घुसडलं समज; अंगणवाडीत शिकवून हिची सवय बिघडली. डब्यात धपाटे हायेत, खाली शेंगदाण्याची चटणी, आणि पिशवीत गुंडाळलेला तुझा पेनड्राईव्ह. भुकेच्या घाईत तो आधी चावू नको.

उद्या वर्गात गाईच्या बाळंतपणाचे अकरा इडियो दाखवायचेत, असा तुझा निरोप आईला आला. मला न्हाई. माझ्याशी तू फोनवर 'आजी, बरी हाय का' म्हणतीस, मी 'हाव' म्हणते, की फोन आईकडं. दोन वरसं तेवढ्यावरच चाललंय. असू दे. आपल्या गावच्या रेंजवर एक फोटो जाईना, तिथं अकरा इडियो कुठले जाणार? म्हणून उदगीरला जाणारी अकराची गाडी, आणि डबा संगप्पा कंडक्टरच्या हाती.

सकाळी आठला जयानं लॅपटॉप उघडला, पेनड्राईव्ह लावला. पडद्यावर हिरवी पट्टी आली आणि खाली लिहून आलं, चार तास बाकी. आपला बालंक्या बैल नांगराला जुंपल्यावर कसा दोन पावलं टाकून मागं वळून बघतो, तशी ती पट्टी बोटभर सरकायची आणि थांबायची. हिनं बाकीचं सगळं बंद केलं, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, एकेक इडियो टाकून बघितला. ढिम्म. साडेनऊ झाले आणि हिच्या डोळ्यात पाणी. म्हणती, माझ्या पोरीचं उद्याचं काम बुडालं. मी म्हणले, सूनबाई, जनावर चालंना झालं की चाबूक उचलायच्या आधी त्याचं तोंड बघावं.

चष्मा चढवून पेनड्राईव्हचं तोंड बघितलं, तर आत पांढरं फटक. चुना!

आता कबूल करते. रविवारी रिकाम्या डब्यातून तो आला तसा मी माझ्या चंचीत ठेवला, सुपारी-तंबाखूच्या शेजारी. घरातली जपायची चीज मी आणिक कुठं ठेवणार? चंचीतलं आजवर काही हरवलं न्हाई. पण चुन्याच्या डबीचं झाकण ढिलं, हे कुणाला ठाऊक! जयानं माझ्याकडं असं बघितलं की सासू हाय म्हणून वाचले. मग मऊ बुरूस आणि सुईच्या आधी लावतेत ते स्पिरीट घेऊन तिनं ते तोंड पुसलं, वाळवलं. तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं, लॅपटॉपला दोन काळी भोकं आणि एक निळं. निळं जलद असतंय म्हणे, आणि त्यातच माऊसचं शेपूट खुपसलेलं. शेपूट उपटलं, पेनड्राईव्ह निळ्यात बसवला. चार तासांची सात मिंटं झाली! बये, ती पट्टी अशी पळाली की मी पदर तोंडाला लावून बघतच राहिले.

भरल्यावर मी तो तळहातावर तोलून बघितला. रिकामा होता तेवढाच. पोत्यात दाणा पडला तर पोतं सांगतंय, गाय गाभण राहिली तर पोट सांगतंय. ह्यानं आख्खी गाय, तिच्या कळा, ओलं वासरू, त्याचं पहिलं उभं राहणं गिळलं आणि ढेकर न्हाई. किती बारीक, आणि पोटात किती! मग नीट आलंय का बघाया जयानं एक इडियो लावला.

गाडीला अजून तास हाय, म्हणून हिला कागद घ्यायला लावला. तू ढोरांची डॉक्टर व्हायला निघालीस तेव्हा मी पाहुण्यांपुढं म्हणले, पोरीच्या जातीनं ढोराच्या पोटात हात घालावा का. तू माझ्या हाताकडं बघितलंस आणि पिशवी उचलून गेलीस. तुला कुणी सांगितलं नसंल, नवी सून असताना मी अडल्या गाईचं वासरू पहिल्यांदा काढलं, तर सासूनं पाच दिवस माझ्या हातची भाकर खाल्ली न्हाई. पुढं गावानं चाळीस वरसं बोलावलं, पण मागच्या दारानं. तुझ्या वाट्याला ते नको म्हणून बोलले. पण बोलले ते सासूच्याच तोंडानं. इडियोत माझं तोंड घेऊ नको असं जयाला बजावलं होतं, म्हणून नुसते हात हायेत. आज ते पडद्यावर बघितले. कोपरापर्यंत आत गेलेला हात, आणि आपली शेवरी गाय मान वळवून कशी गप, भरवशानं बघती. ज्ञानू, माझी मीच दंग झाले; ह्या हातांची लाज मला कशी वाटली? चुकलं माझं. उद्या वर्गात कुणी इचारलं, हे हात कुणाचे, तर गावाकडची एक बाई म्हणू नको. रुक्मिणबाई म्हण. माझी आजी म्हण. म्हणशील का?

तुझीच,
रुक्मिणबाई
(अंगठा माझा, शाई अंगणवाडीची)