पाच पावलं आधी

६ जानेवारी

चि. वाऱ्यास (आता झुळूक म्हणावं का?),

अनेक आशीर्वाद. ते आधी गुडघ्यांना लावावेत.

तुझ्या बायकोचं पत्र आलं. दिवसभर लोकांच्या कवळ्या घासणारा पंचेचाळीस वर्षांचा माणूस सकाळी जिन्यात उड्या मारतो, शंभर मीटर जोरात पळता यावं म्हणून शिकवणी लावतो, हे वाचून मी ग्रंथालयात एकटीच हसले. वाचक दचकले. शंभर मीटरवर असं काय ठेवलंय, जे चालत गेल्यावर निघून जाईल? खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं म्हणे, की तुमच्याकडे कपाटं रोज का हलवतात.

मांडीचा स्नायू दोनदा फाटलाय. तिसऱ्यांदा फाटला तर जन्मभर लंगडशील, असं डॉक्टरांनी सांगितलंय. हा टोमणा नाही.

माझा लोभ बसल्या जागी मिळतो, त्यासाठी पळावं लागत नाही.

तुझी ताई

१९ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वाकवत नाही, उभ्यानेच घे.

हस तू. आमचे म्हातारे ड्रिल मास्तरही हसतात. म्हणतात, मी सुटलेल्या बसमागे छत्री घेऊन धावतोय असा दिसतो. पण सुरुवातीला मान खाली ठेवायची, एकदम ताठ व्हायचं नाही, हात कमरेपाशी सरळ मागे मारायचे, एवढं शिकून दोन महिन्यांत चौदा पॉइंट पाचवरून तेरा पॉइंट नऊवर आलो.

मला बारा पॉइंट चार हवेत. सोळाव्या वर्षी तेवढ्यात धावलो होतो. घड्याळ तूच धरलं होतंस, बाबा शेजारी उभे होते. त्या आकड्यावर क्रीडा वसतिगृहात जागा मिळाली आणि 'वारा' हे नावही. तिथे प्रत्येक शर्यतीत शेवटचा येऊन दोन महिन्यांत घरी आलो, कवळ्यांना लागलो. बाबा मरेपर्यंत मला आळशी म्हणाले. मीही तेच म्हणत आलो. एकदा ते बारा चार परत आले की सुटलो. अठ्ठावीसला प्रौढांची शर्यत आहे. मांडी फाटली तर फाटली.

राग धर, पण पत्र लिही.

तुझा वारा

२१ जानेवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. आज 'वारा' लिहायला हात धजत नाही.

जुनी रोजनिशी काढली. त्या दिवशीची नोंद अशी आहे: 'आज घड्याळ पाच पावलं आधी थांबवलं. बाबांनी पाहिलं नाही.' साडेबारा सेकंदांच्या आत आलास तरच वसतिगृहात पाठवीन, अशी बाबांची अट होती. तुझा चेहरा पाहवला नाही, म्हणून मी अंगठा दाबला, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पण तू गेल्यावर तुझी खोली मला मिळाली, हेही तिथेच लिहिलंय. दोन्हींतलं खरं कारण कोणतं, आजही ठरवता येत नाही.

तू आळशी नव्हतास. बारा चार तू कधी धावलाच नाहीस. तुला हसणारी मीच, आणि तुला पळायला लावणारीही मीच. शर्यत सोड. मांडी सांभाळ.

लोभ मागायचा हक्क उरलाय का, ते तूच ठरव.

ताई

३० जानेवारी

ती. ताईस,

सा. न. आज वाकून.

दोन दिवस तुला मनात वाट्टेल ते बोललो. ते लिहीत नाही, बायको पत्र वाचून मगच पाकीट बंद करते. तिसऱ्या दिवशी रागारागाने मास्तरांना सगळं सांगितलं. हसता हसता त्यांची शिट्टी खाली पडली. मग त्यांनी मैदानावर माझी पाच पावलं मोजली आणि हिशेब केला. त्या वयाच्या पोराला तेवढ्याला एक पॉइंट दोन सेकंद तरी लागणारच. म्हणजे माझी खरी वेळ तेरा पॉइंट सहा.

सत्तावीसला सकाळी धावलो. घड्याळ बायकोने धरलं. तिला या प्रकाराचा इतका तिटकारा आहे, की दाबलंच तर उशिरा दाबेल. तेरा पॉइंट पाच!

शर्यतीतून नाव काढलं. मांडी शाबूत आहे. सोळा वर्षांच्या त्या बिचाऱ्याला मी हरवलं, ताई, आणि तोही आळशी नव्हता.

ती खोली तुलाच लखलाभ.

लोभ आहे तितका राहू दे. मोजू नकोस, तुझा अंगठा भरवशाचा नाही.

तुझा,
वारा (आता खरा)