बापाचं पात्र फसलंय

४ मार्च, सोमवार
आज ऑफिसात एक अख्खी मालिका हातावेगळी केली. टीव्हीवर जाण्याआधी संवादांतल्या शिव्यांवर बीप टाकणं, हे माझं काम. एका भागात बीप टाकून झाल्यावर 'आणि', 'तुझ्या' आणि 'हॅलो' एवढेच शब्द उरले. याला हल्ली लेखन म्हणतात.

माझं मत पक्कं आहे. हसवता येत नाही म्हणून दचकवतात. पहिल्या पाच मिनिटांत एक खून, एक उलटी, एक उघडी पाठ. अहो, कानाशी कागदाची पिशवी फोडली तरी माणूस दचकतो, त्याला कोणी प्रतिभा म्हणत नाही. विनोदाला डोकं लागतं. जेवणाच्या सुट्टीत हे सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. टेबल लवकर रिकामं झालं. कामं असतात लोकांना.

संध्याकाळी लेकीचा फोन. तिनं लिहिलेली पहिली मालिका आली आहे, आठ भागांची. म्हणाली, बाबा, पूर्ण बघ, मगच बोल. मी मध्ये विचारणार नाही, बघून झालं की तूच फोन कर. मागे तिच्या शॉर्ट फिल्मवर मी सतरा मुद्दे पाठवले होते. उत्तरादाखल तिनं नुसता अंगठा पाठवला होता. म्हणजे पटले असणार.

संकल्प: या वेळी कौतुक आधी, मुद्दे नंतर.

६ मार्च, बुधवार
सात भाग झाले. शिव्या माफक, संवाद बरे. पण बापाचं पात्र साफ फसलंय. बायको गेल्यापासून हा गृहस्थ ओट्याशी उभ्यानंच जेवतो. का? घरात टेबल आहे, खुर्च्या आहेत! तिचा चष्मा अजून रिमोटशेजारी ठेवतो आणि दिवसभर टीव्हीशी भांडतो. असं कोण करतं? 'अतिशयोक्ती!' असं मी टीव्हीला ठणकावून सांगितलं.

मुद्दा लगेच लिहून ठेवला. ब्रेड-अंड्याची बशी ओट्यावर होती, तिथेच उभ्यानं लिहिला. पेन शोधताना हिचा चष्मा खाली पडला. पुसून जागेवर ठेवला.

७ मार्च, गुरुवार
शेवटचा भाग पाहिला. संताप संताप झाला. बाप खुर्चीत बसल्याबसल्या जातो आणि दोन दिवस कोणाला पत्ताच नाही! दाराशी पेपर साठतात, आत टीव्ही बडबडत राहतो. हा निव्वळ शॉक. माझ्या पोटच्या पोरीनं हे करावं! शिवाय तर्काला धरून नाही. माणसाला नोकरी आहे, शेजार आहे, मुलगी आहे. दोन दिवस? दोन तास म्हणा.

नुसतं मत देऊन भागणार नाही, पुरावा हवा. उद्यापासून ऑफिसला न कळवता घरी बसायचं. कोणाला फोन करायचा नाही, पेपर आत घ्यायचा नाही. साहेबांचा फोन अकरापर्यंत येईल. शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई संध्याकाळी डोकावतील. लेकीला फार तर रात्रीपर्यंत राहवेल. मग तिला शांतपणे निकाल ऐकवायचा.

८ मार्च, शुक्रवार. सकाळी ११
फोन नाही. साहेब मीटिंगमध्ये असणार.

दुपारी
फोन आला! गादीच्या कंपनीतली मुलगी विचारत होती, झोप कशी लागते. मी सविस्तर सांगितलं. शेवटी तिनंच ठेवला.

संध्याकाळी
बेल. नियमाप्रमाणे दार उघडायचं नव्हतं, पण पाय आधीच निघाले होते. डॉक्टरीणबाईंचं पार्सल. त्या घरी नव्हत्या म्हणून कुरिअरवाला माझ्याकडे ठेवून गेला.

९ मार्च, शनिवार
पहिला दिवस धरायचा नसतो. प्रयोग आजपासून.

टीव्ही मुद्दाम मोठ्यानं लावला. कुठल्याशा कार्यक्रमात पाहुण्याच्या डोक्यावर बादलीभर झुरळं ओतली. किळसवाणा प्रकार. पण त्याला निदान कोणी बोलावलं तरी होतं.

१० मार्च, रविवार
डॉक्टरीणबाई पार्सल न्यायला आल्या. दाराशी साठलेल्या पेपरांवरून अलगद पाय टाकून आल्या, थँक्यू म्हणाल्या, तशाच अलगद पाय टाकून निघाल्या. बरेच दिवस घरातच आहे, असं मी सुचवून पाहिलं. म्हणाल्या, मजा आहे बुवा तुमची. सुशिक्षित लोक दुसऱ्याच्या आयुष्यात नाक खुपसत नाहीत, हे एक बरं.

लेकीचा फोन नाही. मालिकावाल्यांना रविवार कसला असतो!

११ मार्च, सोमवार
मोबाइल बिघडला असणार. लँडलाइनवरून स्वतःलाच लावून पाहिला. वाजला. बराच वेळ वाजू दिला. मग उचलून हॅलोसुद्धा म्हणालो.

आज अजिबात करमत नाहीये. प्रयोगाशी याचा संबंध नाही, तरी लिहून ठेवतो.

१२ मार्च, मंगळवार
ऑफिसला गेलो. साहेब लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, शुक्रवारचा एपिसोड झकास, एक शिवी सुटली नाही तुमच्या हातून. शुक्रवारी मी नव्हतोच, असं सांगितलं. म्हणाले, हो का? मग नव्या सॉफ्टवेअरनं केलं असेल. आणि त्यांचा मजला आला.

माझ्या खुर्चीवर कोणाचं तरी जॅकेट होतं. कुठे ठेवावं कळेना, म्हणून मांडीवर घेऊन काम केलं.

घरी आलो, पेपर गोळा केले आणि लेकीला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. म्हणाली, इतके दिवस फोन उशाशी घेऊन झोपतेय, तुला आवडलं नाही म्हणूनच केला नाहीस ना? कौतुक आधी करायचं ठरलं होतं. मुद्द्यांचा कागदही समोर होता. पण तोंडून भलतंच निघालं. म्हटलं, बाकी सगळं ठीक आहे, फक्त शेवटी ते दोन दिवस लिहिलेत ना, ते कमी आहेत, चार कर. तिनं विचारलं, चार कशावरून? म्हटलं, मी करून पाहिलं, कोणी आलं नाही.

वाक्य जमलं होतं. एक शब्द जास्तीचा नाही. पलीकडून आवाज आला. दाद मिळाली असं वाटून मीही हसलो, चांगला मोठ्यानं हसलो. मग थांबून नीट ऐकलं. ती हसत नव्हती.