माझी दाढ उद्या

१२ नोव्हेंबर

आज पुन्हा चौघे आले द्वारदर्शनाला. यांचे दिवस उरकले, गंधमुक्तीही होऊन गेली, तरी सांत्वनाला येणारी माणसं थांबत नाहीत. आणि येतात ती रडायला नाही, हसायला! यांच्या गमती सांगतात. दात निघाला की डॉक्टर तो चिमट्यात वर धरायचे आणि तोंडाने वरातीचा बँड वाजवायचे – "नवरदेव निघाला हो!" पोरं रडता रडता हसायची. हे ऐकून ऐकून माझे कान किटले.

मी आपली चहा ठेवते. डावीकडची खालची दाढ ठणकते आहे. दातांच्या डॉक्टरची बायको, आणि लवंग दाबून बसली आहे!

१५ नोव्हेंबर

पिंपळनेरहून अभिमन आबा आले. एवढ्या लांबून, दोन एस.ट्या बदलून. यांनी बसवलेली कवळी तोंडातून काढली, रुमालावर ठेवली आणि मला दाखवली. मग पुन्हा बसवून म्हणाले, "देख ताई, नऊ वरीस व्हयनात, आजून घट्ट शे. आसा माणूस आते कोठे भेटी?" आणि रडायला लागले.

मला रडू आलं नाही. राग आला. यांची कवळी नऊ वर्षं घट्ट, आणि माझी दाढ दीड वर्ष 'उद्या'.

१६ नोव्हेंबर

लिहूनच टाकते. कुणाला सांगायची सोय नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी पहिल्यांदा दाढ दाखवली. यांनी टॉर्च मारून बघितलं. म्हणाले, कीड खोल गेली आहे, रूट कॅनल करावं लागेल. मग करा की! "उद्या बघू." चार दिवसांनी पुन्हा म्हटलं, तर म्हणाले, "कुंदनला सांगू का?" कुंदन म्हणजे यांच्याच हाताखाली तयार झालेला डॉक्टर, मेहरूणच्या दवाखान्यात दहा वर्षांपासून यांच्याबरोबर. चांगला आहे पोरगा. पण मी म्हटलं, नवरा डॉक्टर असताना मी दुसऱ्यापुढे तोंड का उघडू? लोक काय म्हणतील? तर हसले. "बरं बाई, तुझी दाढ मीच करणार. उद्या."

तो उद्या काही उजाडला नाही. रविवारी यावलला फुकट तपासणी. येताना जीपमध्ये केळीचा घड आणि न सांगता चार माणसं जेवायला. महिन्यातून एकदा धुळे. "मित्रांची मैफल आहे." मैफल! घरी यायचे तेव्हा चेहरा उतरलेला. काय झालं विचारलं की गाणं म्हणून दाखवायचे. साऱ्या जगासाठी वेळ होता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो अंधार म्हणजे मी.

आणि गेले तेही असे – सकाळी चहाला हाक मारली, उठलेच नाहीत. निदान भांडायची तरी संधी द्यायची होती.

२० नोव्हेंबर

गोळी घेतली. दुखणं उतरलं नाही. रागही नाही.

२३ नोव्हेंबर

पुण्याहून पुनमचा फोन. "आई, कुंदनदादाला दाखव ना. बाबा असते तर–"

"बाबा होते तेव्हाच मी सांगत होते!" म्हटलं आणि फोन ठेवून दिला. पोरीवर ओरडले. तिचा काय दोष? पण तिलाही बाबांचं हसणंच आठवतं. सगळ्यांच्या वाट्याला हसणं, माझ्या वाट्याला ठणका.

शेवटची दोन वर्षं तर यांना म्हातारचळच लागला होता. दाढीला रोज न्हाव्याकडे! घरात साबण, ब्रश, वस्तरा सगळं पडून. "राजेशाही थाट हवा आता." दवाखान्यातलं काम कुंदनच्या गळ्यात. तो मान मोडून काम करणार, आणि हे शेजारी उभे राहून बँड वाजवणार. मी एकदा म्हटलं, पेशंट तुमच्या नावावर येतात, बँडवाल्याच्या नाही. तर तेवढ्यावरही बँडच वाजवला.

आणि संध्याकाळी तलावावर फिरताना माझा हात धरायला लागले. चारचौघांत! लग्नाला पस्तीस वर्षं झाली, कधी धरला नव्हता. सोडा, लोक बघतात, मी म्हणायचे. "बघू दे. वाटेल त्यांना, लव्ह मॅरेज आहे." बायकोचा हात धरायला सुचतं माणसाला. दाढ धरायला सुचत नाही.

३० नोव्हेंबर

हितेंद्र भाऊजी आले होते. यांचे शाळेपासूनचे मित्र, यावलला केळीच्या बागा आहेत. म्हणे, "वहिनी, प्रेमराजच्या वाढदिवसाला भरीत पार्टी करायची. दरवर्षीसारखी, माझ्या शेतात."

दर थंडीत हे सगळ्या पेशंटना भरीत खायला बोलवायचे. "भरीत म्हणजे दातांना सुट्टी! माझ्या माणसांना यापेक्षा चांगलं जेवण नाही." ज्यांचे दात गेले ते पहिल्या पंगतीला.

मी म्हटलं, माणूस जाऊन महिना होतोय आणि पार्ट्या कसल्या करता?

"त्याला आवडेल ना, वहिनी."

त्याला! त्याला काय आवडेल याची सगळ्या जळगावला काळजी. मला काय होतंय, विचारलं कुणी? पण तोंडातून हो गेलं. दुखऱ्या तोंडातून जास्त बोलवत नाही, म्हणून असेल.

१४ डिसेंबर

उद्या यावल. गाल सुजला आहे. मफलर गुंडाळून जाईन.

गेल्या वर्षीची पार्टी आठवली आणि पुन्हा डोकं तापलं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाली, तशी हे बाह्या सरसावून वांगी ठेचायच्या लाकडी बडगीसमोर बसले. कुणाला हात लावू देईनात. सगळी वांगी एकट्याने ठेचली, धपाधप, गाणी म्हणत. लोक टाळ्या वाजवताहेत. आणि वाढणार कोण? मी! एवढ्या पंगती, कळण्याच्या पुऱ्या, भरीत, पातीचा कांदा. म्हटलं, जरा वाढू तरी लागा. "छे, आज मी आचारी." बसले ते उठलेच नाहीत.

१५ डिसेंबर

हात अजून रागाने गरम आहेत. तरी लिहिते.

शेतात मांडव, यांचा मोठा फोटो, त्याला हार. फोटोतही दात काढून हसताहेत. अभिमन आबा पहिल्या पंगतीला. भरीत झकास झालं होतं म्हणे. मी दोन घास डाव्या बाजूला लागू न देता गिळले.

जेवणं होत आली तशी हितेंद्र भाऊजींनी माईक घेतला. बोलता बोलता म्हणाले, "आमच्या प्रेमराजने उभ्या आयुष्यात कुणाचं दुखणं उद्यावर टाकलं नाही."

मी उठले. मला माईक लागत नाही.

"टाकलं. माझं टाकलं. दीड वर्ष टाकलं. हा बघा गाल." आणि मफलर सोडला.

तर लोक हसले! त्यांना वाटलं, डॉक्टरांची बायको, तीही गंमतच करणार. पुढच्या पंगतीतल्या बायका तर पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग कुणाला तरी माझा चेहरा दिसला असावा. हळूहळू सगळे गप्प झाले. एकटा कुंदन आधीपासून हसत नव्हता. मान खाली घालून पत्रावळीकडे बघत बसला होता.

 मला वाईट वाटलं का? नाही. एकदा तरी सगळ्यांनी ऐकलं.

१६ डिसेंबर

सकाळीच कुंदन दारात. "काकू, दवाखान्यात चला. आत्ता." असा अधिकाराने तो कधी बोलत नाही.

यांच्या खुर्चीत पहिल्यांदा बसले. वर छताला यांनी चिकटवलेलं चित्र आहे – मगरीचे दात घासणारा माणूस. इंजेक्शनच्या वेळी पेशंटने ते बघायचं. मी डोळे मिटून घेतले. नाही हसायचं मला.

१७ डिसेंबर

दाढ शांत आहे.

काल कुंदनने काम संपवलं. मग हातमोजे काढून म्हणाला, "काकू, सरांनी शपथ घातली होती. पण काल शेतात तुम्ही बोललात ते मला सहन झालं नाही." यांचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरत होता. तेव्हापासून यांनी कुणाच्याही तोंडात हत्यार घातलं नाही. धुळ्याला मैफल नव्हती, मेंदूचे डॉक्टर होते. इथे गावभर झालं असतं, म्हणून तिकडे. "औषध लागू पडलं की पहिली दाढ तुझ्या काकूची," असं कुंदनला सांगायचे.

तलावावर माझा हात इतका घट्ट धरायचे, की थरथर मला कधी कळलीच नाही.